ढिगाऱ्याखालची हाक

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, चारच्या सुमारास, भूकंपाने लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांतील किल्लारी, सास्तूर अशी गावे जमीनदोस्त केली. आठ हजारांच्या आसपास माणसे गेली. जमीन हलली खरी, पण माणसे मारली ती घरांनी. मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती, वर माळवदाचा मातीचा थर. भिंत फुगून फुटली की सारा भार खाली निजलेल्यांच्या अंगावर.

अशा वेळी अग्निशामक दल पहिल्या घटकेत पोचत नाही. आधी धावतो तो शेजारी. म्हणून जवानांना शिकवतात त्यातले थोडे आपल्यालाही ठाऊक हवे.

घर पडले तरी सगळीच जागा बुजत नाही. स्लॅबचे एक टोक खाली येते, दुसरे भिंतीवर अडते, मध्ये तिकोनी पोकळी राहते. माणूस जगतो तो तिथे. मातीच्या घरात अशी पोकळी थोडी, शिवाय माती नाकातोंडात जाते. म्हणून तिथे घाई अधिक. पण घाई म्हणजे ढिगावर चढणे नव्हे! वर वीस जण चढले तर खालची पोकळी दबायची. बाजूने जावे, रांग लावून घमेल्यांनी माती काढावी. अडकलेला वासा ओढू नये. कदाचित त्यानेच छत तोलून धरले असेल. आधी टेकू द्यावा, मग हात घालावा. वीज आणि गॅस बंद, विडीकाडी तर नाहीच.

आणि मधूनमधून सगळ्यांनी गप्प व्हायचे. हे आपल्याला फार जड जाते, आम्हां मास्तरांना तर विशेषच! जवान हाक देतात, ठोकतात आणि कान लावून ऐकतात. शिक्षकांनी मुलांकडून हा खेळ करून घ्यावा : शिट्टी झाली की वर्ग स्तब्ध, एकाने भिंतीआड ठोकायचे, इतरांनी दिशा ओळखायची.

महाडला २४ ऑगस्ट २०२० रोजी पाच मजली इमारत कोसळली. चार वर्षांचा एक मुलगा दुसऱ्या दिवशी जिवंत निघाला. तेव्हा यंत्राचा पंजा लावायची उतावीळ नको.

माणूस सापडला की तोंड आणि छाती आधी मोकळी करावी. मात्र पाय बराच वेळ दगडाखाली चेंगरलेला असेल, तर दगड एकदम उचलू नये. चेंगरलेल्या स्नायूंतले विषारी द्रव्य रक्तात उतरून हृदय व मूत्रपिंडे धोक्यात येतात. डॉक्टर येईपर्यंत त्याच्याशी बोलत राहावे, आणि आत आणखी कोण निजले होते, हेही विचारून घ्यावे.