काचेवरचं बटण

पावसाळ्यात घाट चढताना समोरची काच आतून धुरकटते. जुन्या गाडीत नजर रस्त्यावरच ठेवून हात खाली न्यायचा, गोल खटका चाचपून फिरवायचा, की काच साफ. आता अनेक नव्या गाड्यांत तोच खटका टचस्क्रीनच्या मेनूत गेला आहे. गुळगुळीत काचेवर बोटाला काही लागत नाही, म्हणून डोळे तिकडे वळवावेच लागतात.

‘वी बिलएगारे’ या स्वीडिश मासिकाने 2022मध्ये याची चाचणीच घेतली. ताशी 110 किलोमीटर वेगाने गाडी चालवत चार साधी कामं करायची: काच-हीटर, रेडिओ, दिवे मंद करणं अशी. चालकांना गाडीची ओळख करून घ्यायला आधी वेळही दिला होता. 2005ची, बटणांची व्होल्वो व्ही-70 दहा सेकंदांत मोकळी झाली. तेवढ्यात ती 306 मीटर गेली. सर्वांत मागे राहिलेल्या टचस्क्रीनच्या गाडीला लागले जवळपास 45 सेकंद, म्हणजे सुमारे 1,370 मीटर! भर वेगात इतका वेळ लक्ष विभागलेलं राहणं मला भयंकर वाटतं. कंपन्यांनी असा टचस्क्रीन लावला की वेगवेगळी बटणं आणि त्यांच्या तारा वाचतात, खर्च घटतो. पण त्याची किंमत चालकाने का मोजावी?

युरोपात गाड्यांची सुरक्षितता तपासणाऱ्या ‘युरो एनकॅप’ने 2026पासून पूर्ण गुणांसाठी इंडिकेटर, हॅझर्ड दिवे, हॉर्न, वायपर आणि आपत्कालीन मदत यांना हाताला लागणारे खटके मागितले आहेत. काचेवरचं धुकं घालवण्याचा खटका मात्र या पाचांत नाही.