माळाचे गवत आणि माळाचे जीव



आपल्या बोलण्यात गवताला फारसा मान नाही. एखाद्याला आपण कस्पटासमान लेखतो, एखाद्या गोष्टीला काडीची किंमत देत नाही. आणि जिथे नुसते गवतच उगवते त्या जमिनीला सरकारी कागदोपत्री आणि आपल्या बोलण्यातही नाव पडले ते ‘पडीक’! आज मला सांगायचे आहे ते एवढेच, की आपल्या हिंगोली जिल्ह्यातले माळ पडीक नाहीत. गवत हेच त्यांचे पीक आहे. ते पीक आपण मोडले, आणि मनावर घेतले तर ते पुन्हा उभे करता येते.

औंढा, सेनगाव, कळमनुरी या भागांत हलक्या मुरमाचे माळ आणि लहान टेकड्या सर्वांच्या पाहण्यातल्या आहेत. वीतभर मातीखाली मुरूम. अशा जमिनीत मोठे झाड सहसा दाट होत नाही, पण पाऊस पडला की गवत मात्र कमरेइतके वाढते. भारतातील गवताळ प्रदेशांची जी शास्त्रीय पाहणी १९७३ साली प्रसिद्ध झाली, तीत देशाचे पाच गवती पट्टे सांगितले आहेत. त्यांत दख्खनचा आपला पट्टा येतो शेडा आणि मारवेल यांचा. त्यांच्याच जोडीला पवना, डोंगरी, कुसळी. म्हातारी माणसे ही नावे अजून घडाघडा सांगतात. मुलांना मात्र ‘गवत’ हा एकच शब्द ठाऊक असतो.

ही सारी उष्ण हंगामाची गवते. म्हणजे कशी, बघा. गव्हाला थंडी लागते. ही गवते त्याच्या उलट, ऊन तापले आणि वर पाऊस पडला की झपाट्याने वाढतात, आणि थोड्या पाण्यावर पुष्कळ पाला देतात. ज्वारी आणि ऊस ही यांचीच भावंडे, एकाच कुळातली. म्हणून ज्वारीच्या शेतकऱ्याला ही गवते समजायला अवघड जाऊ नयेत. जशी ज्वारी सावलीत पोसत नाही, तशीच हीही पोसत नाहीत. माळावर ‘हिरवाई’ करावी म्हणून आपण गिरिपुष्पासारखी झाडे दाट लावतो, तेव्हा हेतू चांगला असला तरी त्या सावलीत मारवेल आणि पवना मरतात, हे ध्यानात ठेवले पाहिजे. झाडे लावावीत, अवश्य लावावीत. पण बांधावर, ओढ्याकाठी, गावठाणात. माळाच्या छातीवर नव्हे.

आता या गवताचे आणि वन्य जीवांचे नाते काय? पवना, शेडा ही ठोंबांनी वाढणारी गवते. दोन ठोंबांमध्ये हातभर मोकळी जमीन राहते. वरून झाकण, खालून वाट! तितराची, लाव्याची पिले या वाटांनी पळतात, किडे टिपतात आणि घार वर फिरत असली तरी तिला दिसत नाहीत. ससा दिवसा याच ठोंबात दबून बसतो. काळविटाला दूरवर दिसेल असा उघडा माळ लागतो. हिवाळ्यात मध्य आशियातून भोवत्या नावाचे शिकारी पक्षी येतात, ते रात्री गवतात जमिनीवरच झोपतात आणि दिवसा टोळ व नाकतोडे खातात. शेतकऱ्याची ही केवढी फुकट चाकरी!

आणि एक पक्षी तर गवताचेच नाव लावतो : तणमोर. पावसाळ्यात याचा नर आपली जागा मादीला कळावी म्हणून गवतातून माणसाच्या उंचीएवढी उडी मारतो, दिवसातून शेकडो वेळा. मादी जमिनीवरच अंडी घालते. गवत नाही तर तणमोर नाही, इतका सरळ हिशेब आहे. २०१७ सालच्या पाहणीत साऱ्या देशात हे पक्षी सातशेहूनही कमी उरल्याचा अंदाज निघाला, आणि २०२१ पासून जगातील अतिसंकटग्रस्त पक्ष्यांत त्याची गणना होते. आपल्या उत्तर सीमेला लागून असलेल्या वाशिम जिल्ह्यात आणि पलीकडे अकोल्यात तो आढळलेला आहे. म्हणजे गोष्ट फार दूरची नाही.

त्याच वाशिम-अकोला भागात ‘संवेदना’ या संस्थेने फासेपारधी समाजाला बरोबर घेऊन गवताळ माळ राखण्याचे काम केले आहे. या समाजाला इंग्रजांच्या १८७१ च्या कायद्याने जन्मतःच गुन्हेगार ठरवले होते. तो शिक्का १९५२ साली पुसला गेला. पण कोणते पाखरू कोणत्या गवतात बसते, केव्हा बसते, हे ज्ञान पिढ्यान् पिढ्या त्यांच्यापाशीच होते. फास लावण्याच्या कामी येणारी ती नजर आता राखणीच्या कामी येते आहे. वणवा अडवणे, चराईला नियम घालणे, परके तण काढणे, अशा साध्या गोष्टींनी माळ पुन्हा उभा राहतो, हा त्या कामातला धडा आहे. वाशिममध्येच कारंजा सोहोळ येथे काळविटांचे अभयारण्य आहे, सुमारे अठरा चौरस किलोमीटरचे. पण अभयारण्ये थोडी आणि गायराने पुष्कळ. खरे काम गायरानात आहे.

ते कसे करावे? पहिली गोष्ट म्हणजे विसावा. बारमाही चराई झाली की गोड गवते आधी संपतात, मग उरते निव्वळ कुसळ, आणि शेवटी तरोटा, गाजरगवत, रानतुळस : ज्यांना जनावर तोंड लावत नाही. म्हणून ग्रामसभेने ठराव करून गायरानाचा फक्त तिसरा हिस्सा तीन पावसाळे राखावा. उरलेल्या दोन हिश्श्यांत गुरे, शेळ्या-मेंढ्या नेहमीप्रमाणे चरू द्याव्यात. धनगराला विचारल्याशिवाय हा ठराव करू नये. माळ त्याच्याइतका कोणी चालत नाही. राखलेल्या तुकड्यातले तण फुलावर येण्यापूर्वी उपटावे. पुष्कळ ठिकाणी एवढ्यानेच जुने ठोंब पुन्हा फुटतात, बी विकत आणावेच लागत नाही.

जिथे ठोंब उरलेच नाहीत तिथे पेरणी. बी आपल्याच भागातले घ्यावे. दसरा-दिवाळीच्या सुमारास बांधावरचे, देवराईतले पिकलेले तुरे हाताने ओरबाडून सावलीत वाळवावेत. ताजे बी लगेच उगवत नाही, त्याला झोप असते. ते पुढच्या पावसाळ्यापर्यंत ठेवले की ही झोप उतरते. नांगर घालू नये, मुरूम वर येतो. मृगाच्या पावसानंतर वरवर बखर फिरवावा. बी हलके आणि केसाळ असते, वाऱ्याने उडते. म्हणून ओली माती आणि शेण यांत मळून एकरी दोन-अडीच किलो, अर्ध्या मीटरच्या ओळींत टाकावे. खोल गाडू नये, नखभर माती पुरे. मारवेलाचे मात्र मुळासकट ठोंब लावावेत, ते लवकर धरते.

पहिल्या वर्षी काहीच झाले नाही असे वाटेल. घाबरू नका. पहिले वर्ष गवत खाली मुळे सोडण्यात घालवते. दुसऱ्या वर्षापासून बी झडल्यावर विळ्याने कापून चारा न्यावा, पण सहा-आठ बोटे बुडखा ठेवावा, आणि दर वर्षी एक पट्टा अजिबात न कापता सोडावा. तो पाखरांचा वाटा. भोवती जाळरेषा काढावी, म्हणजे वणवा आत येणार नाही.

शेतकरी इथे विचारील, आणि त्याने विचारलेच पाहिजे : “सर, आधीच रोही आणि हरणं पीक ठेवीत नाहीत, आणि तुम्ही त्यांना आणखी गवत पेरायला सांगता?” तक्रार खरी आहे. गवत लावले की कळप शेतात यायचे थांबतील, असे आश्वासन मी देणार नाही. नुकसानभरपाई शासनाकडून मिळते, तिचा अर्ज वेळेत करावा, आणि राखलेला तुकडा पिकापासून जितका दूर ठेवता येईल तितका ठेवावा. पण तितर, लावा, ससा, तणमोर यांनी कोणाचे सोयाबीन बुडवलेले नाही. आणि माळावर ससा व हरीण उरले नाही की लांडगा मेंढवाड्याकडे वळतो, हेही विसरू नये.

दुसरी गोष्ट अधिक नाजूक. गायरानावर पुष्कळ भूमिहीन कुटुंबे पोट भरतात. दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली १९५९ आणि १९६४ साली भूमिहीनांचे जे सत्याग्रह झाले, त्यांतला प्रश्न मराठवाड्यात अजून मिटलेला नाही. गवताचे निमित्त करून कोणाच्या ताटातली भाकर काढू नये. जो तुकडा मोकळा आहे तोच घ्यावा, आणि चाऱ्याचा पहिला हक्क ज्याला जमीन नाही त्याच्या गाईला द्यावा.

शिक्षक बंधुभगिनींना एक विनंती. कुसळीचे एक बी वर्गात आणा. त्याच्या लांब कुसावर पाण्याचा थेंब टाका. कूस पिळे सोडीत गरगरा फिरू लागेल. वाळले की पुन्हा पीळ घेईल. असे फिरत फिरत ते बी स्वतःला जमिनीत पेरते. मुले हे विसरणार नाहीत. मग शाळेच्या आवारात एक गुंठा राखा, पाच गवतांची नावे आजोबांना विचारून लिहून आणायला सांगा. एक गंमतही सांगा : आपला हा गुणी मारवेल अमेरिकेत टेक्सासला नेला, तर तिथे तो तण होऊन बसला आणि तिथल्या मूळ गवतांना हुसकू लागला. गवत चांगले की वाईट हे त्याच्या घरावर ठरते. आपल्या माळाला आपले गवत हवे, ते याचसाठी.

यंदा मृगाच्या आधी गावात चार माणसे बसा, गायरान पायांनी फिरून या, आणि कुठे पवन्याचा एखादा ठोंब शिल्लक आहे ते पाहा. तो सापडला तर तुमचे बियाणे गावातच आहे.