मुलांच्या हाती मोबाईल : सुरक्षिततेचा विचार



सुवर्णमहोत्सवी वर्षातील या व्याख्यानासाठी आपण मला पाचारण केलेत, याबद्दल मी आपला ऋणी आहे. आजचा विषय घरोघरी चर्चिला जाणारा आहे. आठ-नऊ वर्षांच्या मुलाला स्वतंत्र मोबाईल द्यावा काय? जे पालक देतात, त्यांचे उत्तर बहुधा एकच असते : "सुरक्षिततेसाठी." या उत्तरामागे माया आहे; त्याचा उपहास करण्याचे काहीच कारण नाही. आई-वडील दोघेही कामानिमित्त बाहेर, घरात वडीलधारे कोणी नाही आणि शाळेची बस वाहतुकीत अडकलेली. अशा वेळी "पोहोचलो" हा मुलाचा एक शब्द ऐकला की पालकांचा जीव भांड्यात पडतो. परंतु पालक निश्चिंत होणे आणि मूल सुरक्षित असणे, या दोन भिन्न गोष्टी आहेत. त्यांत आपण गल्लत करतो काय, एवढाच प्रश्न मला आपल्यापुढे ठेवावयाचा आहे.

२६ जुलै २००५ चा दिवस मुंबईकर विसरलेले नाहीत. सांताक्रूझ येथे चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस कोसळला. लोकल गाड्या थांबल्या, वीज गेली आणि अनेक भागांत मोबाईल सेवाही कोलमडली. खिशात फोन असलेल्या मोठ्या माणसांनाही घरी निरोप धाडता येईना. कित्येक मुलांनी ती रात्र शाळेतच काढली. त्यांना सांभाळले ते त्यांच्यासोबत थांबलेल्या शिक्षकांनी आणि मदतीस धावलेल्या आसपासच्या रहिवाशांनी. यंत्र मुके झाले, त्या वेळी माणसे उपयोगी पडली.

याचा अर्थ यंत्र निरुपयोगी आहे, असा कोणी घेऊ नये. केंद्र शासनाने २०१६ साली केलेल्या नियमांमुळे आपल्या देशात विकल्या जाणाऱ्या मोबाईलमध्ये आणीबाणीची कळ असणे बंधनकारक झाले. साध्या फोनमध्ये ५ किंवा ९ हा अंक दाबून धरला असता, तर स्मार्टफोनमध्ये चालू-बंद करण्याचे बटण लागोपाठ तीनदा दाबले असता मदतीची हाक जावी, अशी ती योजना आहे. ११२ हा आणीबाणीचा क्रमांक आहे. संकटातील बालकांसाठीची १०९८ ही सेवा १९९६ मध्ये मुंबईत टाटा सामाजिक विज्ञान संस्थेच्या प्रकल्पातून जन्मास आली; २०२३ पासून ती टप्प्याटप्प्याने शासकीय यंत्रणेकडे येऊन ११२ शी जोडली गेली. मुलाला महागडा फोन घेऊन देणाऱ्या आपल्यापैकी किती जणांनी हे दोन क्रमांक त्याच्याकडून पाठ करवून घेतले आहेत? त्याच्या फोनवर आणीबाणीची हाक कशी द्यावयाची, हे किती जणांनी स्वतः जाणून घेतले आहे?

आता एका अप्रिय विषयाकडे वळतो. मुलाला धोका रस्त्यावरच्या परक्या माणसाकडून असतो, असे आपण धरून चालतो. राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाची आकडेवारी वेगळेच सांगते. बालकांच्या लैंगिक संरक्षणासाठी २०१२ साली झालेल्या पोक्सो कायद्याखाली नोंदलेल्या बलात्काराच्या नव्वद टक्क्यांहून अधिक प्रकरणांत आरोपी पीडित बालकाच्या परिचयाचा असतो. नातलग, शेजारी, कुटुंबाचा स्नेही अशांपैकी कोणी. अशा प्रसंगी मुलाच्या दप्तरातील फोन काय करणार? मूल फोन करीत नाही, कारण काय सांगावे हे त्याला उमगत नाही. आणि उमगले तरी "आपल्यालाच बोलणी बसतील" ही भीती त्याचा हात धरून ठेवते. ही भीती कोणत्याही यंत्राने दूर होत नाही. ती घरातच दूर व्हावी लागते.

शिवाय इंटरनेट असलेला फोन हे दोन्ही बाजूंनी उघडणारे दार आहे. आपण मुलाशी संपर्क साधू शकतो, तसाच अनोळखी माणूसही साधू शकतो. ऑस्ट्रेलियाने १६ वर्षांखालील मुलांना प्रमुख समाजमाध्यमांवर खाते ठेवण्यास मनाई करणारा कायदा केला व तो १० डिसेंबर २०२५ पासून अमलात आला. यावरून या चिंतेचे गांभीर्य ध्यानी यावे. सुरक्षितता हाच हेतू असेल, तर बोलण्यापुरता साधा, बटणांचा फोन लहान मुलास पुरेसा आहे. तो शाळेच्या नियमांस धरून वापरावा.

माझी पालकांना विनंती एवढीच, की फोन हाती देण्यापूर्वी चार गोष्टी द्याव्यात. घरचा पत्ता आणि दोन क्रमांक तोंडपाठ असावेत. वाटेत अडचण आली तर कोणत्या दुकानात, कोणत्या घरी जावयाचे, हे मुलासोबत चालून दाखवावे. न्यायला दुसरे कोणी आले तर विचारावयाचा घरचा सांकेतिक शब्द ठरवावा. आणि चौथी गोष्ट सर्वांत मोलाची : "तू केव्हाही सांग, आम्ही आधी ऐकून घेऊ" असे वचन द्यावे व ते पाळावे. दूध सांडल्याचे सांगताच ज्या मुलाला धपाटा मिळतो, ते मूल मोठे संकट सांगावयास येणार नाही. उलट, ज्याच्या क्षुल्लक तक्रारीसाठी आई हातातले काम बाजूला ठेवते, ते मूल फोन नसला तरी दुसऱ्याचा मागून घेऊन घरी कळवील.

फोन मुलाची हाक आपल्या कानापर्यंत आणून पोहोचवील. ती हाक देण्याचा धीर मुलाच्या ठायी निर्माण करणे आणि हाक आली असता कामाच्या गडबडीत ती न टाळणे, हे कार्य आपले आहे. ते बाजारात विकत मिळत नाही.