जुनं शिलाई मशीन घेताना



दिवाळी जवळ आली की बचत गटाच्या बैठकीत एक मागणी हमखास येते. "ताई, कर्ज हवंय, जुनं शिलाई मशीन घ्यायचंय." त्यामागून दुसरा प्रश्न, "सिंगर घेऊ, मेरिट घेऊ की उषा?" आज त्यावरच बोलू या.

आधी या नावांची ओळख. अमेरिकेतल्या आयझॅक मेरिट सिंगर यांनी १८५१ साली आपल्या मशीनचं पेटंट घेतलं. मशीन महाग होतं, म्हणून त्यांच्या कंपनीने ते हप्त्याने द्यायला सुरुवात केली. म्हणजे शिलाई मशीन आणि हप्ता ही जोडी आपल्या गटांपेक्षा कितीतरी जुनी! स्कॉटलंडमध्ये क्लाइडबँक इथे या कंपनीचा मोठा कारखाना होता, तो १९८० साली बंद झाला. तिथली मशिनं अजून आपल्याकडच्या घरांत सापडतात. मेरिट हे सिंगर यांचंच मधलं नाव. त्याच कंपनीची मशिनं भारतात या नावानेही विकली गेली. उषा मात्र इथलंच. १९३० च्या दशकात कोलकात्यात ते बनायला लागलं. शिवाय लुधियानात अनेक लहानमोठे कारखाने मशिनं आणि सुटे भाग बनवतात.

आता खरी गोष्ट ऐका. आपल्याकडची काळी घरगुती मशिनं बहुतेक एकाच घडणीची आहेत. सिंगरचा १५ नंबरचा जो नमुना होता, त्याच्यावरून ती बनली. म्हणून त्यांना गोल बॉबिन आणि एका बाजूने चपट्या दांड्याची सुई लागते, आणि हे सामान तालुक्याच्या बाजारात मिळतं. पण काही फार जुन्या विलायती मशिनांचं शटल होडीसारखं लांबट असतं आणि बॉबिनही लांब, बारीक असते. अशी मशिनं टाका सुंदर घालतात, मात्र शटल हरवलं की दुसरं शोधत फिरावं लागतं. म्हणून नाव वाचण्याआधी खालची सरकपट्टी उघडा आणि आत काय आहे ते बघा.

आणखी एक. मशीनवरची सोनेरी नक्षी आणि नाव नव्याने चिकटवता येतं. रंगही नवा मारता येतो. त्यामुळे चकाकी बघून दर ठरवू नका.

मग बघायचं काय? हातचाक हाताने सावकाश फिरवा. कुठे अडकतंय का, खरखरतंय का? चाक आतबाहेर हलवून बघा, सुईचा दांडा धरून हलवा. जास्त खेळ असेल तर आतले भाग झिजलेत. कापड पुढे सरकवणारे दाते बोटाने चाचपा. गुळगुळीत झाले असतील तर कापड नीट सरकणार नाही. बॉबिन केसजवळ गंज आहे का बघा. मशीन नुसतं जड चालत असेल तर घाबरू नका. पुष्कळदा कुणीतरी खोबरेल तेल घातलेलं असतं, ते घट्ट होऊन बसतं. साफ करून मशीनचं तेल घातलं की फरक पडतो.

जाताना घरून दोन तुकडे न्या, एक सुती ब्लाउजचा आणि एक जाड कापडाचा. जाड कापडाच्या चार घड्या घालून शिवून बघा. टाका वरून आणि खालून, दोन्हीकडून तपासा. खाली दोऱ्याचा गुंता होत असेल तर आधी दोरा पुन्हा ओवा, ताण बदला. तरीही गुंता राहिला तर मिस्त्रीला दाखवल्याशिवाय पैसे देऊ नका.

आपण शिवणार काय, तेही आधी ठरवा. ब्लाउज, परकर, फॉल-पिको म्हणत असाल तर पिको साध्या सरळ टाक्याच्या मशीनवर होत नाही, हे लक्षात घ्या. ब्लाउज-परकराला घरगुती मशीन पुरतं. रोज दिवसभर शिवायचं असेल तर टेलर मॉडेल बघा, ते त्यासाठीच बनवलेलं असतं. गोधड्या शिवायच्या तर गोधडीचाच तुकडा न्या. आणि पायाचं मशीन शक्यतो सोडू नका. मोटर नंतर बसवता येते, आणि वीज गेली तरी पाय चालू राहतात.

आता कर्जाचा हिशेब. समजा गटातून ४,००० रुपये घेतले, व्याज महिना २ टक्के. पहिल्या महिन्याचं व्याज ८० रुपये, वर मुद्दल वेगळी. मशीन पंधरा दिवस बंद पडलं तरी हप्ता थांबत नाही. आमच्या भागात एका सदस्येचं मशीन ऐन सणात एका भागासाठी अडलं. तो भाग जवळपास कुठेच मिळाला नाही. कापडं परत गेली, आणि गिऱ्हाईक एकदा दुसरीकडे गेलं की सहज परत येत नाही. हप्ता मात्र तिने मजुरी करून भरला.

म्हणून गटांना माझं सांगणं आहे. कर्ज मंजूर करताना तीन प्रश्न विचारा आणि उत्तरं इतिवृत्तात लिहा. या मशीनची बॉबिन, सुई आणि शटल आपल्या बाजारात मिळतं का? दुरुस्त करणारा मिस्त्री किती लांब आहे? आणि शिवून कुणी बघितलं? दुरुस्तीसाठी थोडी रक्कम कर्जातच धरा. शक्य असेल तर शिवण जाणणारी एक सदस्य खरेदीला सोबत पाठवा. तिच्या एसटीच्या भाड्याचे पैसे गटाने द्यावेत.

एवढं जुळलं की मग नाव कोणतंही असू दे. सासूबाईंचं जुनं मशीन माळ्यावर पडलं असेल तर बाजारात जाण्याआधी तेच खाली काढा, आणि ह्याच कसोट्या त्याला लावा. कदाचित कर्ज लागणारही नाही.