माल साफ करून विकावा की तसाच?

(होळीआधी वनोपजाच्या बैठकीत झालेले हे बोलणे. ज्या पोडांवरची माणसे येऊ शकली नाहीत त्यांनी गावात वाचून दाखवावे.)

 

भावांनो, मायबहिणींनो, होळी तोंडावर आली. चार दिवसांत मोह पडायला लागेल, मग चार पिकेल, मग तेंदूचा फड. घाटंजी, केळापूर, मारेगाव, झरी, सगळीकडून आपण जमलो आहोत. मागच्या बैठकीत एक गोष्ट अर्धवट राहिली होती. जंगलातून आणलेला माल तसाच विकायचा, की वाळवून, निवडून, फोडून मग विकायचा?

साहेब लोक याला मूल्यवर्धन म्हणतात. मागच्या वेळी एका म्हातारीने विचारले, "हे काय असते रे बाप्पा?" आपण म्हटले, आजी, तू सुपात घेऊन पाखडते ना, तेच ते. ती म्हणाली, "मंग त्याचे पैसे आजवर काहून नाही भेटले?" तिच्या या सवालावरच आज बोलू.

आधी कायद्याचे. 2006 च्या वनहक्क कायद्याने गौण वनोपजाची मालकी आपली आहे. गोळा करणे, वापरणे, विकणे, सगळे त्यात आले. नियम 2008 साली आले आणि 2012 साली सुधारले. त्यात साफ लिहिले आहे की विकण्याच्या हक्कात प्रक्रिया करणे, साठवणे आणि जंगलाबाहेर गाडीने नेणेही येते, एकट्याने किंवा मिळून. वाहतुकीचा परवाना ग्रामसभेची समिती देते. म्हणून नाक्यावर कोणी म्हणाले की कच्चा माल चालतो, साफ केलेला चालत नाही, तर घाबरायचे नाही. परवान्याचे पुस्तक दाखवायचे आणि अडवणाऱ्याकडून अडवल्याचे कारण लेखी मागायचे.

पण हक्क आहे म्हणून प्रत्येक माल साफच करून विकावा असे आम्ही म्हणत नाही. इथे आमच्यातही दोन मते होती. मग आम्ही काटा घेऊन बसलो.

धावड्याच्या डिंकाचे बघा. आपण पिशवीत सगळा एकत्र नेतो. पांढरा, लालसर, काळा, सालीचे तुकडे, सगळे. व्यापारी हात घालतो, एक काळा खडा वर काढतो आणि सगळ्या पिशवीला त्या खड्याचा भाव लावतो. आपण उठून गेलो की त्याच्या ओट्यावर बाया बसतात आणि तोच डिंक तीन ढिगांत निवडतात. या कामाला मशीन लागत नाही, वीज लागत नाही. वजन घटते ते फक्त सालीचे, आणि सालीचे पैसे तो तसेही देत नाही. म्हणजे डिंक निवडूनच विकावा, यात दुमत नको. एक मात्र आहे, निवडलेला माल एकट्याने नेला तर किलो-दोन किलो पांढऱ्या डिंकाला कोणी वेगळा भाव देत नाही. पाच-सहा पोडांचा एकत्र केला तरच तो ढीग दिसतो. आणि जास्त डिंकासाठी झाडाला खोल घाव घालणाऱ्यांना आपणच थांबवले पाहिजे, नाहीतर निवडायला काही उरणार नाही.

मोहाचे वेगळे. मोह वाळवतो तर आपण पिढ्यान् पिढ्या. पण अर्धा ओला असतानाच विकतो, कारण घरात मीठमिरचीला पैसा नसतो, नाहीतर आधीची उचल फेडायची असते. तोच मोह पावसाळ्यात आपणच चढ्या भावाने परत घेतो. म्हणजे इथे खरे काम साफ करण्याचे नाही, थांबण्याचे आहे. कडक वाळलेला, माती नसलेला मोह कोरड्या जागी टिकतो. झाडाखाली पाला जाळण्याऐवजी जुनी लुगडी किंवा जाळी अंथरली तर राख-माती लागत नाही, आणि वणव्याचा आळही आपल्यावर येत नाही. केंद्र सरकारने 2020 च्या मे महिन्यात वाळलेल्या मोहफुलाचा आधारभाव 17 वरून 30 रुपये केला. बाजारात हा आकडा तोंडपाठ असू द्या.

आता चिंच. हा हिशोब नीट ऐका, कारण इथे आम्ही स्वतः फसलो होतो. त्याच यादीत चिंचोक्यासकट चिंचेला 36 रुपये आणि चिंचोके काढलेल्या चिंचेला 63 रुपये. आम्हाला वाटले, वा, जवळपास दुप्पट! बायांनी दुपारभर बसून दहा किलो चिंच फोडली. गर निघाला साडेपाच-सहा किलोच्या मधे. सहा धरला तरी 378 रुपये, साडेपाच धरला तर साडेतीनशेच्याही खाली. आणि तशीच विकली असती तर 360. म्हणजे चार बायांची दुपार गेली ती फुकटच. चिंचोके वेगळे विकले तर थोडे हाती लागते, बाकी नाही. किलोचा भाव बघून हुरळू नका. वजन किती उरले आणि किती हात किती वेळ बसले, ते बघा.

चारोळीची गोष्ट जुनी आहे. मिठाच्या मापाला चारोळी दिल्याच्या गोष्टी आपल्या आजोबांनी सांगितल्या आहेत. 2020 च्या त्याच यादीत बियांचा आधारभाव 126 होता. फळे रात्रभर भिजवायची, चोळून साल काढायची, बी वाळवायचे, मग जात्यावर फोडायचे. पाच किलो बियांतून डाळ निघते किलोभर. शहरात ती डाळ हजाराच्या वर जाते, पाच किलो बियांचे होतात 630. म्हणजे इथे फायदा आहे. पण दोन गोष्टी आहेत. जात्यात तुकडे फार होतात आणि तुकड्याला भाव पडतो. दुसरे, फोडलेली डाळ लवकर खवट होते, बी मात्र न फोडता पुढच्या हंगामापर्यंत टिकते. म्हणून घेणारा ठरला, भाव कागदावर आला, की मगच फोडा. तोवर बी डब्यात राहू द्या.

आणि चार पिकू द्या! "मी नाही तोडला तर दुसरा तोडेल" म्हणून आपण हिरवा चार ओरबाडतो, फांद्या मोडतो. हिरव्या चाराचे बी पोचट निघते. ग्रामसभेने तोडणीचा दिवस ठरवला तर एका रुपयाची मशीन न घेता डाळ वाढेल.

तेंदूचे थोडक्यात सांगतो. 1969 च्या कायद्यापासून तेंदूचा व्यापार सरकारच्या ताब्यात होता, आता ग्रामसभा स्वतः विकू शकते. हिरवे 70 पानांचे पुडके मोजून त्याच दिवशी हिशोब घ्यायचा, की फडावर वाळवून बोद भरून विकायचे? वाळवलेल्याला भाव जास्त, पण मे महिन्यात एक अवकाळी पाऊस आला की सगळा फड काळा पडतो, आणि तो तोटा मग आपला. ज्यांच्याकडे ताडपत्री आणि गोदाम नाही त्यांनी या वर्षी हिरवेच विकावे. चंद्रपूर जिल्ह्यातल्या पाचगावने तर तेंदू तोडणेच बंद केले आणि बांबूवर भर दिला. तो त्यांच्या ग्रामसभेचा निर्णय. आपल्याला तो झेपेल का, हे वेगळे बोलावे लागेल.

राहिली मशीन. वन धन केंद्राच्या योजनेत 15 बचतगट, 300 माणसे आणि 15 लाखांपर्यंत मदत असते. योजना वाईट नाही. पण आपल्याच एका गावात अशीच एका योजनेतून फोडणीची मशीन आली. हार घातला, फोटो काढला. गावात वीज येते दिवसातून काही तास, तीही मशीन चालेल अशी नाही. दोन पावसाळे झाले, ती प्लास्टिकमध्ये बांधलेली आहे आणि तिच्यावर कोंबड्या बसतात. आधी काटा, मग ताडपत्री, मग कोरडी खोली. मशीनचे नाव चौथ्या वर्षी काढू.

शेवटचा मुद्दा बायांनी मांडला आणि तो सुटलेला नाही. निवडणे, फोडणे, वाळवणे हे काम पडणार बायांवर. पैसा मोजायला जाणार बाप्ये. एका बाईने उभे राहून विचारले, "माल साफ केल्याचा जास्तीचा पैसा कोणाच्या हातात देणार, ते आधी सांगा." बैठकीत थोडा वेळ कोणी बोलले नाही. एका पोडाने ठरवले आहे की साफ केल्याची मजुरी रोजच्या रोज, बाईच्या नावाने वहीत लिहायची आणि विक्रीच्या पैशातून तीच आधी द्यायची. बाकीच्या गावांनी अजून उत्तर दिलेले नाही.

पुढच्या बैठकीला प्रत्येक गावाने न निवडलेला पाच किलो डिंक आणावा. सगळ्यांसमोर निवडू, तोलू आणि तीन ढिगांचे भाव त्याच दिवशी बाजारात विचारून येऊ. वजनाची वही आणि परवान्याचे पुस्तक सोबत ठेवा. आणि बायांच्या मजुरीचे तुमच्या ग्रामसभेने काय ठरवले ते लेखी आणा.