आधी गणित, मग जोडणी



बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला इलेक्ट्रॉनिक्स घेतलेल्या मुलामुलींसाठी आज थोडं बोलू या.

सुरुवात साधीच असते.
9 व्होल्टची बॅटरी.
एक लाल एलईडी.
एक रेझिस्टर.
आणि ब्रेडबोर्ड.

ब्रेडबोर्डवर एका ओळीतली पाच भोकं आतून जोडलेली असतात.
रेझिस्टरचे दोन्ही पाय त्याच ओळीत खोचले,
तर प्रवाह रेझिस्टरला वगळून जातो.
एलईडी क्षणात जळतो.

म्हणून, आधी गणित, मग जोडणी.

लाल एलईडीवर साधारण 2 व्होल्ट पडतात.
उरलेले 7 रेझिस्टरवर.
ओहमचा नियम आठवा.
व्होल्टला ओहमनं भागलं, की प्रवाह कळतो.

आता मल्टिमीटर घ्या.
रेझिस्टरच्या दोन टोकांना लावा.
आकडा सातच्या आसपास आला?
छान.

शून्य आला?
मग एलईडी उलटा लागला असेल.
त्याचा लांब पाय धन बाजूला हवा.

ही चूक शोधणं, हेच खरं शिक्षण.
दुसऱ्याचं जर्नल उतरवून मार्क मिळतील,
पण हा शोध हुकेल.
मला तरी तो फार मोठा तोटा वाटतो.

पुन्हा सांगते,
आधी गणित, मग जोडणी.

पुढच्या प्रॅक्टिकलला रेझिस्टर दुप्पट ओहमचा लावा.
प्रवाह किती होईल, ते आधी कागदावर काढा.
मगच बॅटरी जोडा.