आसनाखालची पेटी

मांजरसुंब्याचा घाट उतरून बीडकडे येणाऱ्या पिकअपमध्यें माल दोरखंडानें आवळलेला असतो. चालकाच्या आसनाखालचा पान्हा मात्र पुष्कळदां मोकळाच पडलेला असतो. उतारावर तो घरंगळत पुढें येऊन ब्रेकच्या पेडलखालीं अडकला, तर पाय दाबूनही गाडी थांबत नाहीं. म्हणून पेटी घेतांना तींत किती सामान मावतें हें मागाहून पाहावें. ती जागची हालणार नाहीं ना, हें आधीं पाहावें. आसन भारानें दबतें, तेव्हां खालची उंची चालक बसलेला असतांनाच मोजावी. झांकणास कडी असावी. पेटी दाराच्या बाजूनें उघडावी. बोल्टसाठीं भोंक पाडण्यापूर्वीं खालून ब्रेकची नळी किंवा विजेची तार गेलेली नाहीं, याची मेकॅनिककडून खात्री करून घ्यावी. पेडलखालची जागा रिकामी राहिली, म्हणजे पेटीची किंमत वसूल झाली.